व्हर्लीनने आधीच लिहून ठेवलेले आभार

व्हर्लीन प्रेटर गेली त्या दिवशी मी रडले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही, भूक लागते. तिच्याच स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी कालचा मक्याचा पाव खाल्ला आणि तिच्या लेकीला, ट्वायलाला, फोन लावला. उचलेना. परत लावला. उचलेना. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी तिला आधीच कळवलं होतं, म्हणजे बातमी पोचली होती. मग माझाच फोन टिंग वाजला. ट्वायलाने फेसबुकवर लिहिलं होतं, 'आज माझं छत्र हरपलं. आई, तू दिलेल्या प्रत्येक क्षणासाठी मी कृतज्ञ आहे.' खाली लाल बदामांची रांग लागली होती. माझा फोन उचलायला बाईला सवड नव्हती, छत्र हरपल्याचं जगाला सांगायला होती.

असं मधूनच सांगितलं तर माझाच तोंडाळपणा दिसेल. तसा तो आहेच. स्लेट फोर्क या आमच्या खाणगावाच्या डोंगररस्त्यावर मी शाळेची बस चालवली, मागच्या बाकावर दंगा झाला तर आरशात न बघता ओरडायचे आणि दंगा थांबायचा. पण व्हर्लीन कोण होती ते आधी सांगायला हवं.

त्याच शाळेत ती स्वयंपाक करायची. नवरा एस्टिल कोळशाच्या खाणीत. ओढ्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे तिचं, मध्ये लाकडी पूल. बाई कडक होती. पोरांनी ताटात बीन्स टाकल्या तर 'बस खाली' म्हणायची आणि पोरगं बसायचं. आणि तिच्या त्या आभाराच्या चिठ्ठ्या! तशा आमच्याकडे सगळ्याच लिहितात. लग्नात कोणी पातेलं दिलं, आजारपणात कोणी सूप पोचवलं, की हाताने चिठ्ठी लिहायची, पाकिटात घालायची, टपालात टाकायची, मग तो माणूस समोरच्या अंगणात का राहत असेना. पण आम्ही बाकीच्या लिहायचो त्या उरकायला. 'सगळ्याबद्दल मनःपूर्वक आभार' लिहिलं की सुटलो.

व्हर्लीनला ते खपायचं नाही. "सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दल?" म्हणायची. "काय दिलं ते आठवत नाही, असं सरळ लिही ना मग."

ती नाव घेऊन लिहायची, आणि खरं तेच लिहायची. आमच्या पाद्रीबुवांना एकदा चिठ्ठी गेली, 'रविवारचं प्रवचन आटोपतं घेतलंत, चुलीवरचं मटण करपलं नाही, आभारी आहे.' बुवांना हसावं की रडावं कळेना. तिच्या कुत्र्यावर एकाने गाडी घातली आणि दार वाजवून तसं सांगितलं, तर त्यालाही लिहिलं. 'तुम्ही पळून गेला नाहीत. आभारी आहे. कुत्रा चांगला होता.' तो माणूस पुढे दर उन्हाळ्यात तिला टोमॅटो आणून द्यायचा.

एस्टिल गेला तो फुप्फुसात कोळशाची भुकटी बसून, श्वासाला मोताद होऊन. आमच्याकडे माणूस गेला की त्या घरात जेवणाचा पूर येतो. हॅम, बीन्स, बटाट्याचं सॅलड, केळ्याचं पुडिंग, ठेवायला जागा उरत नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं असतं. ते भांडं धुऊन परत करायचं आणि आत चिठ्ठी ठेवायची, ज्याने जे आणलं त्याचं नाव घेऊन. हे ज्या घरून होत नाही त्या घराचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. दोन वर्षांपूर्वी कोम्ब्सच्या पोरांनी बाप गेल्यावर फेसबुकवर एकच ओळ टाकली, 'सर्वांचे आभार', आणि भांडी अंगणात मांडून ठेवली, आपापली घेऊन जा म्हणून. आमच्या बायका अजून त्या पोरांच्या दुकानात पाऊल ठेवत नाहीत.

तर एस्टिलच्या वेळी व्हर्लीनने सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि कॉलेजात जाणारी ट्वायला शेजारी बसून पाकिटं चिकटवत होती. पोरगी गुणी होती, खोटं कशाला बोलू. मग ती ओहायोत कोलंबसला गेली, घरं विकायच्या धंद्यात पडली, आणि घरांबरोबर गुणही कुठेतरी विकून बसली.

कोलंबस म्हणजे काही चंद्र नव्हे. सकाळी कॉफी पिऊन निघालं तर जेवायला इथे.

गेल्या वसंतात व्हर्लीनची फुप्फुसंही बसली. "मी सिगरेटी ओढल्या, कोणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत," असं तिने मला बजावलं. नाकात ऑक्सिजनची नळी, ती नळी घरभर तिच्या मागे. डॉक्टर म्हणाले, ख्रिसमस दिसला तर दिसला. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "विल्मा, मला काही नको. ट्वायलाने थँक्सगिव्हिंगला यावं, या टेबलावर बसून माझ्या हातचं जेवावं. एकदा."

"तसं तिला सांगितलंस का?"

"ये म्हटलं मी. येते म्हणाली."

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंस?"

"सांगितलं. रडली फोनवर."

"मग थँक्सगिव्हिंग कशाला? आत्ताच ये म्हण ना! मर म्हणावं ती घरं."

"पोटच्या पोरीपुढे आता पदर पसरू का मी?" असं म्हणून तिने तोंड फिरवलं. तिचाही मला राग आला. हट्टीपणात मायलेकी एकाच मुशीतल्या.

नोव्हेंबर लागला, थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आभार मानायच्या सणाचा महिना. नोव्हेंबरात आमच्या देशात फेसबुकवर आभारांची साथ येते. रोज एक गोष्ट लिहायची, आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे. कोणी नवऱ्याबद्दल, कोणी कॉफीबद्दल, एकीने तर आपल्या नव्या दातांबद्दल लिहिलं होतं. ट्वायलाने पहिल्या दिवसापासून आईच धरली. आईचे हात, आईचा संयम, आईने शिकवलेली मूल्यं. रोज! व्हर्लीनकडे तसला फोन नव्हता, म्हणून मी पूल ओलांडून जायचे आणि वाचून दाखवायचे.

"आज काय लिहिलंय?" मी दारात असतानाच व्हर्लीन विचारायची.

"'माझी आई माझी पहिली मैत्रीण. तिच्या मिठीत मला जग सापडलं.'"

"मिठीत?" व्हर्लीन म्हणाली. "मी कधी मारली मिठी? तिला गोवर झाला तेव्हा मारली असेल." पण चेहरा खुलला होता. "आणि फोटो कुठला लावलाय?"

"तुझ्या निळ्या झग्यातला. शाळेच्या जत्रेतला."

"त्यात मी बरी दिसते. किती बदाम आलेत?"

"भरपूर."

सुरुवातीला मलाही बरं वाटलं, म्हटलं चला, पोरीला जाणीव आहे. पण एक आठवडा गेला, दुसरा गेला. आईबद्दल रोज लिहिणारी ही बाई आईला फोन करायची रविवारी, तोही गाडी चालवता चालवता. मग वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायला लागली. मी एका पोस्टीखाली लिहिलंसुद्धा, 'तुझी आई इथेच आहे, येऊन सांग.' तर तिने त्यालाही बदाम दिला! काय करावं अशा माणसाचं?

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी व्हर्लीन उठून उभी राहिली. नर्सबाईंनी नको म्हटलं होतं. ती कोणाचं ऐकते? ट्वायलाला लहानपणापासून सणाच्या टर्कीपेक्षा कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे डम्पलिंग आवडायचे, ते स्वतःच्या हाताने करायचे होते. पीठ मी मळायला घेतलं तर हातावर चापट मारली. चार गोळे लाटायचे आणि खुर्चीत बसून धापा टाकायच्या, परत चार लाटायचे. मी नळी पायात येऊ नये म्हणून उचलून धरून मागे मागे फिरत होते. टेबलावर चांगल्या बश्या मांडल्या. केसांना पाणी लावून विंचरलं.

दुपार झाली. मग माझ्या फोनवर निरोप आला. 'मावशी, आईला सांग ना. ऑफिसातल्या सगळ्यांचा एक कार्यक्रम ठरला, मला नाही म्हणता आलं नाही. ख्रिसमसला नक्की नक्की.' आणि त्यापाठोपाठ फेसबुकवर फोटो. बेघरांच्या आश्रमात ट्वायला, अंगात एप्रन, हातात डाव, कोणा म्हाताऱ्या बाईच्या ताटात रस्सा वाढतेय. वर लिहिलेलं, 'देण्यातच खरी कृतज्ञता. हे मी आईकडून शिकले.'

मी फोन पालथा घातला. व्हर्लीन म्हणाली, "वाच."

"काही नाही गं. यायला जमत नाही म्हणतेय."

"विल्मा, वाच."

मी वाचलं. फोटोही दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"त्या म्हातारीचा रस्सा ताटाबाहेर सांडतेय," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "बस. गार होतायत."

आम्ही दोघी जेवलो. डम्पलिंग इतके सुरेख झाले होते की मला गिळवेना.

घरी येऊन मी ट्वायलाला फोन लावला. या वेळी उचलला तिने.

"मावशी, हॅपी थँक्सगिव्हिंग! आईने पोस्ट पाहिली का?"

"तुझी आई फेसबुकवर राहत नाही, ट्वायला. स्लेट फोर्कला राहते. सकाळपासून उभी होती ती तुझ्यासाठी पीठ लाटत."

"मला अपराधी वाटायला लावू नकोस हं. मी रोज तिच्याबद्दल लिहिते. लोक मला सांगतात, वाचून रडतात."

"लोकांच्या रडण्याचं मी काय करू? लोणचं घालायचंय त्याचं?"

तिचा आवाज बारीक झाला. "मावशी, मला त्या नळ्या बघवत नाहीत. बाबांच्या वेळी मी रात्रंदिवस तो आवाज ऐकलाय. परत नाही बघवत."

मला तिची दया यायला हवी होती. आलीही असेल कणभर. पण मी म्हणाले, "बघवत तर मलाही नाही गं. पण मी रोज बघते. मी तर तिची कोणीच नाही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेले तर व्हर्लीन टेबलाशी बसली होती, पुढ्यात कोऱ्या आभारपत्रांचा गठ्ठा आणि पेन. म्हटलं, कोणी काय दिलं आता?

"अजून दिलेलं नाही," ती म्हणाली. "देतील. मी गेल्यावर."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"व्हर्लीन, वेड लागलं का तुला?"

"माझ्यामागे ट्वायला लिहील वाटतं तुला? कोम्ब्सच्या पोरांसारखी एक ओळ टाकेल आणि मोकळी होईल. माझ्या दारातून लोकांची भांडी रिकामी नाही जायची." धाप लागली, थांबली. "कोण काय आणणार मला माहीतच आहे. या गावात माणसं बदलतात, पदार्थ बदलत नाहीत. तू फक्त वाटायचं काम कर. जो आणेल त्याला दे. जो आणणार नाही त्याचं पाकीट शेगडीत घाल."

मी भांडले. म्हटलं जिवंत माणसाने स्वतःच्या मयताचे आभार मानायचे, हे देवालाही आवडायचं नाही. ती म्हणाली, देवाला आवडत नसेल तर त्याने लिहाव्यात चिठ्ठ्या. आणि लिहीत राहिली. एका बैठकीत दोन-तीनच व्हायच्या, मग बोटं निळी पडायची. शेवटी पाकिटांची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. सगळ्यात खाली एक पाकीट होतं, त्यावर ट्वायलाचं नाव.

"हे तिला द्यायचं?"

"आली तर," ती म्हणाली.

डिसेंबरात तिचा श्वास फारच वर लागला. मी ट्वायलाला कळवलं, आता निघच. 'दोन घरांचे व्यवहार आहेत, शनिवारी पहाटे निघते,' असं उत्तर आलं. व्हर्लीन गुरुवारीच गेली. शेवटी तिने दाराकडे बघितलं वगैरे काही नाही, तसलं मी सांगणार नाही. झोपेतच होती.

मयताला ट्वायला आली, यायचीच होती. काळा कोट, हातात पांढऱ्या लिलींचा मोठा गुच्छ. शवपेटीपाशी जाऊन ढसाढसा रडली, आणि ते रडणं खरं होतं, हे मला मान्य करावं लागेल. पण डोळे पुसले आणि आईच्या थंड हातावर आपला हात ठेवून फोटो काढला. सगळ्यांसमोर! पाद्रीबुवांच्या हातून प्रार्थनेचं पुस्तक पडता पडता राहिलं. मी कोटाच्या खिशात हात घालून मुठी आवळून उभी राहिले, नाहीतर तो फोन ओढ्यात गेला असता.

आणि जेवण आलं. पूर आला अगदी. व्हर्लीनने लिहिलं होतं तसंच, हॅमच्या बाईने हॅम, बीन्सवालीने बीन्स. पुढच्या दिवसांत मी भांडी धुऊन, आत चिठ्ठ्या घालून घरोघर पोचवल्या. गेनेल स्परलॉक आयुष्यभर बेकरीतला केक स्वतःचा म्हणून आणायची, तिला चिठ्ठी निघाली, 'केक विकतचा असला तरी तू चालत आणलास, गुडघे दुखत असताना. आभारी आहे.' गेनेल दारातच लाल झाली, मग हसली, मग बाहीने डोळे पुसले. एकच घोटाळा झाला. डॉर्कस फ्रेलीच्या चिठ्ठीत मसाल्याच्या अंड्यांचे आभार होते आणि डॉर्कसने या वेळी नेमकं कोबीचं सॅलड आणलेलं. बाई चिठ्ठी हातात घेऊन पांढरीफटक पडली. दुसऱ्या दिवशी अंडी करून ताटलीसकट माझ्या दारात हजर. "मेलेल्या बाईचे खोटे आभार मला पचायचे नाहीत," म्हणाली. ती अंडी मी आणि तिने मिळून खाल्ली. माझ्या चिठ्ठीत पुडिंग होतं. 'नेहमीसारखं जास्त गोड. तरी आभारी आहे. नळी धरून फिरलीस त्याचेही. व्हर्लीन.' ती वाचून मात्र मला भूक लागली नाही.

ट्वायलाचं पाकीट राहिलं होतं. ती घर आवरायला थांबली होती. द्यावं की शेगडीत घालावं, मी विचार केला. आली तर दे, म्हणाली होती. आली होती ना? मग मी पूल ओलांडून गेले आणि पाकीट तिच्या हातात ठेवलं.

"आईने? मला?" तिने घाईघाईने फोडलं, वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. मग, माझ्या डोळ्यांदेखत, ती चिठ्ठी खिडकीपाशी उजेडात धरली, फोटो काढला, आणि अंगठ्यांनी टकटक करायला लागली. मला वाचून दाखवलं तिने. "'जातानाही माझ्या आईने माझे आभार मानले. अशी आई मिळायला भाग्य लागतं.' बरं वाटतं का गं मावशी? की 'पुण्य' लिहू?"

मी म्हटलं, "चिठ्ठीत काय आहे?"

तिने वाचली. "'प्रिय ट्वायला, हातातलं काम टाकून इतक्या लांबून आलीस. फुलंही आणलीस. त्रास घेतलास, आभारी आहे. व्हर्लीन प्रेटर.'"

टकटक झालं, पोस्ट गेली. फोन लगेच वाजायला लागला, टिंग, टिंग. ती बदाम बघत होती. मग तिने चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. पुन्हा वाचली. कपाळाला आठी पडली.

"मावशी," ती म्हणाली, "'आई' का नाही लिहिलं हिने? पूर्ण नाव का लिहिलंय?"

मी गप्प बसू शकले असते. म्हणता आलं असतं की आजारी होती, हात चालत नव्हता. चांगली बाई असते तर तसंच म्हणाले असते.

"घरच्यांना ती पूर्ण नाव लिहायची नाही," मी म्हटलं. "मलाही नाही. फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना लिहायची, मयताला येऊन गेलेल्यांना. कोण कुठली ते त्यांना कळावं म्हणून."

ट्वायलाच्या हातातला फोन वाजतच होता, तो तिने बंद केला नाही. मी पूल ओलांडून घरी आले. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.